वाचनालयाच्या वरची खोली

गुरुवार आला की ती नवऱ्याच्या शर्टाला कडक इस्त्री करायची. गेले आठ गुरुवार हा नेम चुकला नव्हता.

नवरा कारखान्यात लेथवर कामाला. हातात कसब होतं, पण दारूने त्याची पार माती केली होती. सकाळी बोटं थरथरायची. फिरत्या लोखंडापुढे थरथरती बोटं नेली की काय होतं, ते त्याच्या अर्ध्या तर्जनीकडे पाहून कळायचं. ती तुटली तेव्हा फोरमनने बजावलं होतं, "पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, हात जाईल." फारच वाईट सकाळ असली की कारखान्यात फोन करून "यांना ताप आहे" असं सांगायचं काम तिचं. अकरा वर्षं तिने ते इमानेइतबारे केलं.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस होती. तिथल्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: दारू सुटत नसेल तर एकटे लढू नका. दर गुरुवारी संध्याकाळी सहा, वाचनालयाच्या वरची खोली. सहा महिने तिने तो कागद येताजाता वाचला. शेवटी धीर करून धाकट्या दिराला विश्वासात घेतलं. दिराचं रंगाचं दुकान, चार प्रतिष्ठित माणसांत ऊठबस.

"वहिनी, दादाला मी नेतो," तो म्हणाला. "दर गुरुवारी, माझ्या स्कूटरवर. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका."

तिला भरून आलं. सख्ख्या भावानेही केलं नसतं एवढं हा करतोय, असं तिला वाटलं.

नवरा परत आला की सगळं सांगायचाही. खोलीतला पंखा करकरतो, एक म्हातारे मास्तर बोलता बोलता रडले, खोकल्याच्या गोळ्या वाटतात. गोळ्यांचा वास तिला यायचा. त्यापलीकडचा वास आला नाही की तिने येऊ दिला नाही, हे तिचं तिलाच माहीत.

नवव्या गुरुवारी तिला वाटलं, त्या देवमाणसांचे आभार मानून यावं. बिस्किटांचे दोन पुडे घेऊन ती सव्वासहाला वाचनालयात पोचली. जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी ठोकलेली होती.

"वर मीटिंग असते ना?" तिने ग्रंथपालबाईंना विचारलं.

"असायची. छत गळायला लागलं, म्हणून खोली बंद करून तीन महिने झाले. ते लोक आता पलीकडच्या शाळेत बसतात."

"पण आमचे हे तर दर गुरुवारी..." पुढचं तिने गिळलं. बाईंनीही भलेपणाने नजर रजिस्टरात घातली.

रंगाचं दुकान दोन वळणं पुढे होतं. गल्ल्यावर कुणी दिसेना. मागे, डब्यांच्या थप्पीआड, दोघे भाऊ बसले होते. नवऱ्याच्या अंगात तिने इस्त्री केलेला शर्ट. दिराच्या हातात रंगाची छटा मोजून मिसळायचं माप, आणि त्यातून तो दादाच्या पेल्यात ओतत होता. शेजारी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी.

"वहिनी, ऐकून तर घ्या! मी मोजून देतो. दोन मापं, वर थेंब नाही. बाहेर कुठेतरी पडून राहण्यापेक्षा बरं ना?"

"आणि मीटिंग?"

"तिथे दारुडे बसतात हो! माझ्या पोरीचं लग्न जमतंय. तिच्या काकाला तिथे कुणी पाहिलं तर काय उत्तर देऊ?"

"गटाराशेजारी पडलेलं पाहिलं होतं लोकांनी, तेव्हा काय दिलंत?"

"तेव्हाचं वेगळं. पुरुषमाणूस आहे, लोक समजून घेतात."

पिताना ज्या घराची अब्रू गेली नाही, ती सोडताना जाणार होती! हसावं की रडावं, तिला कळेना. दिराने केसाने गळा कापलाच होता. पण तो पंखा, ते मास्तर, हे नवऱ्याने रचलं होतं, तिच्या डोळ्यांत बघून. ते तिच्या जिव्हारी लागलं.

"मास्तर खरंच रडले होते का हो?" तिने विचारलं.

नवऱ्याने पेला हळूच डब्यामागे सरकवला.

शाळेत ती एकटीच गेली. घरच्या माणसांनाही तिथे मुभा होती. मुलांच्या बुटक्या बाकावर ती अवघडून बसली. बोलायची पाळी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी अकरा वर्षं ताप आहे म्हणून सांगत आले." कुणी हसलं नाही. एकाने तिच्याकडून पुडे घेऊन उघडले.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याचा निम्मा चहा बशीत सांडला. "फोन कर," तो सवयीने म्हणाला. "ताप आहे म्हण."

तिने फोन लावला. "साहेब, ताप नाही, दारू आहे. हात थरथरताहेत. यांना मशीनवर उभं करू नका. कामावर ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

नवरा पांढराफटक पडला. "माझ्याच बायकोने माझा घात केला?"

"अकरा वर्षं करत होते," ती म्हणाली. "आज थांबवला."

लॅबला जायला निघताना तिने इस्त्री उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी तुमची तुम्ही करा. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे."