पाचही शब्द बरोबर

मावशीला डॉक्टरकडे नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पण या खेपेला भाचा हटूनच बसला. दोघं मिळून औषधांचं दुकान चालवायचे, आणि मावशीने एकाच सकाळी एका गिऱ्हाइकाला रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा दिल्या होत्या. गिऱ्हाईक शहाणं, म्हणून परत घेऊन आलं. मावशीचं म्हणणं एकच, पहिल्यांदा मी दिल्याच नाहीत! तिने यापुढे काउंटरवर उभं राहायचं की घरी बसायचं, ते आता डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या.

"पाच शब्द सांगते, थोड्या वेळाने विचारीन," बाई म्हणाल्या. "खुर्ची, नदी, लिंबू, छत्री, दोरी."

मावशीने डोळे मिटले आणि सुरूच झाली. "खुर्ची नदी, नदी खुर्ची, खुर्ची नदी. नदी लिंबू, लिंबू नदी, नदी लिंबू..."

बाईंचं पेन थबकलं. भाच्याला वाटलं, गेली कामातून!

"घाबरू नकोस रे," मावशी डोळे न उघडताच म्हणाली. "जटापाठ म्हणतात याला. दोन शब्द सरळ, मग उलटे, पुन्हा सरळ. वडिलांनी सगळी सूक्तं अशीच घोटून घेतली माझ्याकडून. अजून रोज पहाटे म्हणते. डोकं कसं लख्ख होतं."

मग घड्याळाचं चित्र काढून झालं, वजाबाक्या झाल्या. बाईंनी शब्द विचारले. मावशीने पाचही सांगितले, आणि वर उलट्या क्रमानेही ऐकवले.

"माझ्यापेक्षा तुमचीच स्मरणशक्ती बरी," बाई हसल्या. भाचा ओशाळला, पण त्याच्या जिवात जीव आला.

"चल मावशी, दुकान उघडू."

मावशी जागची हलली नाही. "बाई, आज सकाळी मी काय खाल्लं ते विचारा की."

"काय खाल्लंत?"

"नाही सांगता येत. कालचंही नाही." तिचा आवाज खणखणीत होता. "घोटलेलं पक्कं आहे, घडलेलं सांडतंय. सूक्तांच्या जिवावर तुमची परीक्षा पास झाले मी. पण गिऱ्हाईक म्हणजे सूक्त नव्हे. आजपासून मी औषध देणार नाही."

इथे येताना भाच्याला हेच तर हवं होतं. आता त्यालाच रडू आवरेना.

"रडतोस काय वेड्यासारखा? बाई, हे कागदावर लिहून याच्या हातात द्या," मावशी म्हणाली. "दुपारी मी दुकानात येऊन भांडणार आहे, असं मी म्हटलंच नव्हतं म्हणून."