टेबलावरचा चंद्र

अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये सकाळी सातला चंद्र उगवतो. हसू नका. पडदे ओढायचे, दिवे बंद करायचे, लॅपटॉप उघडून एक क्लिक करायचं, की तो ‘टुंग’ करतो. नवीन काहीतरी जोडल्यावर करतो ना, तस्सा. जोडलेलं मात्र काहीच नसतं. वायर असते नागपुरात, बाबांच्या गच्चीवर, त्यांच्या दुर्बिणीत बसवलेल्या कॅमेऱ्याची. आणि माझ्या लॅपटॉपला खुशाल वाटतं, कॅमेरा इथेच चहाच्या कपाशेजारी आहे.

ही करामत माझ्या नवऱ्याची, शंतनूची. पण कॅमेरा मी पाठवला होता. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी अख्ख्या कॉलनीला गच्चीवर बोलावून आकाश दाखवायचे. गेल्या वर्षी डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल त्याची गॅरंटी नाही. दिसतंय तोवर बघून घ्या. दुर्बिणीच्या त्या इवल्याशा भोकातून त्यांना काही दिसेना. मला जाता येत नव्हतं, व्हिसाचं भिजत घोंगडं. मग पुण्याला निघालेल्या माझ्या मैत्रिणीच्या, निधीच्या बॅगेत, तिच्या सासूच्या व्हिटॅमिनच्या बाटल्यांमध्ये, कॅमेरा कोंबला. पुण्याहून तो कुरिअरने नागपूरला पोचला, बाबांनी दुर्बिणीत बसवला, वायर त्यांच्या लॅपटॉपला लावली, आणि बाबांचा फोन आला, “पोरी, ताटाएवढा दिसतो गं!” चार दिवस माणूस जमिनीवर नव्हता.

आणि मग मला हाव सुटली. मलाही हवा तो चंद्र! व्हिडिओ कॉलवर नुसता पिठाचा गोळा दिसायचा. शंतनू म्हणाला, “चित्र कशाला पाठवायचं? डायरेक्ट यूएसबीच नेटवर्कवरून शेअर करू. कॅमेरा तिकडे राहील, पण वागेल इथल्यासारखा.” आम्ही आयटीतली माणसं. कोणाला बरं वाटत नसेल तरी आधी सेटअप करून देतो.

पण काय सांगू, काय सकाळी होत्या त्या! बाहेर फ्रीवेची घरघर, कंपनीच्या शटल बस निघालेल्या, आणि माझ्या स्वयंपाकघरात नागपूरची संध्याकाळ. चंद्राचा उजेड ओट्यापर्यंत यायचा. माझे हात त्यात पांढरे दिसायचे, जणू दुसऱ्या कोणाचे. फोन स्पीकरवर असायचा. त्यातून गच्चीवरचा वारा, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि मी क्लिक केलं की तिकडून एक पडेल, उतरता आवाज. मला वाटायचं, लिफ्टचा असेल.

चंद्र पडद्यावरून सारखा सरकायचा. “बाबा, थोडं डावीकडे. अहो, माझ्या डावीकडे!”

“तुझी डावी अमेरिकेत. मला काय ठाऊक ती कुठे असते!” असं म्हणत ते दुर्बीण हळूच ढकलायचे. चंद्र डुलत परत मध्यावर यायचा. तो कोणी आणून माझ्यासमोर ठेवला, असंच वाटायचं.

मग त्यांचं सुरू व्हायचं, “सांग, काय काय दिसतं?”

“तुम्हाला दिसतंय ना?”

“दिसतंय दिसतंय. माझं सोड, तू सांग.”

मास्तर ते मास्तर, मी म्हणायचे. परीक्षा घेतल्याशिवाय घास उतरायचा नाही. मी सांगायचे. काळे डाग, खड्ड्यांच्या सावल्या. एकदा म्हटलं, “बाबा, खाली ते विवर आहे ना, त्यातून अशा रेघा निघाल्यात... संत्र्याचा देठच जणू! अख्खा चंद्र सोलता येईल.” त्यांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं.

कोजागिरीला मी सकाळीच दूध आटवलं. केशर, चारोळी, सगळं. इथला चंद्र समोरच्या बिल्डिंगमागे केव्हाच गेलेला. म्हणून लॅपटॉपसमोर कप सरकवत सरकवत पडद्यावरचा चंद्र दुधात पाडला. शंतनू ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाला, “वायफायची कोजागिरी!” मी म्हटलं, “गप रे, ओवाळून टाकीन.” खरं तर डोळे भरून आले होते. दुधात नागपूर हलत होतं.

तेवढ्यात फोनवर प्रतिमा काकूंचा आवाज आला. त्या बाबांच्या खालच्या मजल्यावर राहतात. दूध घेऊन वर आल्या होत्या.

“अगं वल्लरी, मोठ्या हौसेनं चंद्र बघायला आले, तर यांचा कम्प्युटर काळा ठिक्कर! म्हणतात रोजचंच आहे. तुझ्याकडे लागला की इथला जातो.”

“ताई, राहू द्या हो,” मागून बाबा म्हणाले.

मी शंतनूकडे पाहिलं. “ऑब्व्हियसली,” तो म्हणाला. “एक डिव्हाइस, एका वेळी एकच मशीन. मला वाटलं, तुम्ही टर्न्स ठरवले असतील.”

“टर्न्स? शंतनू, त्या माणसाचे डोळे चाललेत आणि तू आत्ता ऑब्व्हियसली म्हणतोस?” मी एवढी ओरडले की त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. पण चिडून काय उपयोग! दर वेळी क्लिक करणारी मीच होते. महिनोन् महिने ते अंधारात उभे राहून, काहीही न दिसता, माझ्यासाठी चंद्र मध्यावर आणत होते.

“बाबा, काहून नाही सांगितलं?”

“काय सांगायचं? तुला इकडे येता येत नाही. म्हटलं, चंद्र तरी जाऊ दे तुझ्याकडे. मी काय, जन्मभर पाहिलाय.”

“आणि डोळे?”

वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मी कनेक्शन सोडलं. माझ्या लॅपटॉपनं तोच पडेल, उतरता आवाज केला. तो लिफ्टचा नव्हता तर! पडदा काळा झाला, दुधातला चंद्र विझला, आणि स्वयंपाकघर नुसतं स्वयंपाकघर उरलं. मग फोनमधून, नागपुरातून, ऐकू आलं, ‘टुंग’.

“अगं बाई!” काकू म्हणाल्या.

खुर्ची सरकली, मग बाबांनी नाक शिंकरलं. मी अंधारात गार होत चाललेला कप धरून बसले होते. शंतनू माझ्या मागे येऊन उभा राहिला.

“बाबा, दिसतोय ना?”

या वेळी ते ‘दिसतंय दिसतंय’ म्हणाले नाहीत.

“वल्लरी,” ते अगदी हळू म्हणाले, “इतकी वर्षं पोरांना दाखवला, पण संत्र्याचा देठ कधी सुचला नाही. तू सांगितलास ना, अगदी तस्साच आहे गं.”