तिजोरीतला लाल ठिपका

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे बोलता बोलता मला धाप लागली तर तुम्ही सांभाळून घ्याल. मी एक पेन्सिल सेल आहे. पण तुम्ही रिमोटमधून काढून कचऱ्यात भिरकावता ना, तो नव्हे. मी पुन्हा पुन्हा चार्ज होणारा सेल. अंगावरची छापील अक्षरं कधीच पुसून गेली. आता फक्त नेलपॉलिशचा एक लाल ठिपका उरला आहे, आणि त्याच्यावरूनच मला घरात ओळखतात.

माझा जन्म कारखान्यातला. दोन पातळ पट्ट्या घट्ट गुंडाळून पत्र्याच्या नळीत कोंबल्या, वरून टोपी दाबली, की झालो मी. म्हणजे जन्मल्यापासून मी बंदिस्तच. नळीतून पाकिटात, पाकिटातून खोक्यात, खोक्यातून दुकानाच्या काचेमागे. तुम्हाला शाळेत एक तास एका जागी बसवलं तर तुम्ही वळवळता. माझं तर आयुष्यच तसं गेलं, पण तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं, कारण लवकरच कुणाच्या तरी उपयोगी पडू अशी आशा होती.

मला ज्यांनी विकत घेतलं ते बाबा बसच्या डेपोत सुट्या भागांच्या कोठारावर कामाला होते. कोणता नट कुठल्या खणात आहे हे ते डोळे मिटून सांगत. फुकट जाणाऱ्या गोष्टीचा त्यांना भारी राग. कुणी खोलीतून बाहेर पडलं की हे मागोमाग जाऊन पंखा बंद करणार. त्या घरात साध्या सेलांचा नुसता धुमाकूळ होता. स्वयंपाकघराच्या खणात पंधरा-वीस पडलेले, त्यांतला जिवंत कोण आणि मेलेला कोण ते कुणालाच ठाऊक नाही. रिमोट चालेना की त्याला दोन चापट्या मारायच्या, तरी चालेना की दुकानात पळायचं. शेवटी बाबांनी हात टेकले आणि आम्हा आठ जणांना चार्जरसकट घरी आणलं.

"एवढे महाग? ह्यांत काय सोनं भरलंय?" ताईच्या आईने विचारलं.

ताई म्हणजे बाबांची एकुलती एक मुलगी. घरात तिच्याहून लहान कुणी नव्हतं, तरी सगळे तिला ताईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

"वर्षभर थांब, मग बोल," बाबा म्हणाले. त्यांनी ताईकडून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या मागून घेतल्या. चौघांना लाल ठिपका, चौघांना निळा, म्हणजे सरमिसळ व्हायला नको. फ्रिजवर एक यादी चिकटवली: रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, टॉर्च, वजनकाटा, आजीचा रेडिओ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यादीप्रमाणे सेल काढायचे, चार्जरमध्ये घालायचे, भरले की पुन्हा जागच्या जागी. ह्या कार्यक्रमाला घरात 'सेल-रविवार' म्हणत आणि बाबांची यथेच्छ टिंगल करत. बाबांना त्याचं काही नव्हतं. एरवी जेव्हा जेव्हा नवे सेल आणावे लागले असते, तेव्हा तेव्हा तेवढे पैसे ते कॉफीच्या एका रिकाम्या डब्यात टाकत.

आम्हा लाल ठिपक्यांच्या वाट्याला आजीचा रेडिओ आला. आजी म्हणजे बाबांची आई. तिची खोली घराच्या मागच्या अंगाला, आणि गुडघे असे धरलेले की तिचं सगळं जग त्या खोलीपुरतं उरलं होतं. सकाळी चहा आला की रेडिओ सुरू. ती त्याच्याशी चक्क बोलायची. निवेदिकेने हवामान सांगितलं की आजी म्हणायची, "खिडकी उघडणारं कुणी नसलं तर थंडी असो नाहीतर ऊन, मला काय गं!" बोलायला दुसरं होतं कोण? सगळे दारातूनच विचारून जात, "बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत पुढे गेलेले असत.

पण सेलांच्या बाबतीत आजीला जेवढं कळायचं तेवढं बाबांनाही कळत नव्हतं. महिनाअखेरीला आमचा जोर संपत आला की रेडिओचा आवाज बसायचा. मग आजी रेडिओ बंद करायची, आम्हाला बाहेर काढायची आणि ओंजळीत धरून बसायची. तासाभराने आत घातलं की आम्ही आणखी एखादं गाणं तरी पार पाडायचो. "दमलेत बिचारे," ती म्हणायची. मित्रांनो, त्या ओंजळीची ऊब मी अजून विसरलो नाही.

दीड वर्षात कॉफीचा डबा भरला. ताईला एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं. त्याच्या प्रवेशाच्या फॉर्मचे पैसे बाबांनी त्या डब्यातून दिले. "हे सेलांनी भरले बरं का!" असं ते येईल त्याला सांगत सुटले. मी चार्जरमध्ये आडवा पडून ऐकत होतो. अभिमानाने नुसता फुगलो होतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

आणि तिथेच दृष्ट लागली म्हणा. शेजारच्या गल्लीत चोरी झाली आणि बाबांनी एक छोटी तिजोरी आणली. आकडे दाबून उघडायची, स्वस्तातली, कपाटाच्या आत भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली. तिच्यासोबत साधे सेल आले होते. ते पाहून बाबांच्या कपाळाला आठी पडली. "वापरून फेकायचे सेल? आपल्या घरात?" त्यांनी ते काढून शेजाऱ्याला देऊन टाकले, आजीच्या रेडिओसाठी चार्ज होणारे चार नवे सेल आणले आणि आम्हा चौघांना तिजोरीच्या दाराच्या आतल्या कप्प्यात बसवलं.

आता त्यांचा शहाणपणा ऐका. तिजोरीची एक जादा चावी होती. सेल संपले तर बाहेरून उघडण्यासाठी. ती कुठे ठेवावी? बाहेर ठेवली तर चोराला सापडेल. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? तिजोरी! बाबांनी ती तिजोरीतच, आतल्या हुकाला लटकवली. सोबतचं माहितीपुस्तकही न वाचता आत. त्यात नंतर सगळ्यांना दिसलं तसं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की ह्यात साधे सेलच घाला आणि चावी बाहेर ठेवा. मग ताईच्या मूळ गुणपत्रिकांची फाईल आत गेली आणि दार बंद झालं.

फ्रिजवरच्या यादीत त्यांनी तिजोरी लिहिली नाही. "तिजोरीची गोष्ट फ्रिजवर लिहितात का? पाहुणेरावळे वाचतील!" असं म्हणाले. झालं. यादीत नाही म्हणजे सेल-रविवारी आठवण नाही.

अकरा महिने, मित्रांनो! अकरा महिने मी त्या अंधारात होतो. पोलादाच्या पलीकडून सेल-रविवारची गडबड ऐकू यायची, खण उघडल्याचा आवाज, बाबांचं गुणगुणणं. आता माझी पाळी, आता माझी, असं दर वेळी वाटायचं. कुणी आलं नाही. आमच्या जातीचा एक दोष आहे. काम नसलं तरी आम्ही आपोआप रिकामे होत जातो. राबून आलेला थकवा निराळा, त्यावर चार्जर आहे. हा निराळा. रोज थोडं थोडं कमी व्हायचं आणि ते कुणाला कळवायची सोय नाही. समोर वीतभरावर ती चावी लटकत होती. तीही कोंडलेली, मीही कोंडलेला. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

मग एका कडक थंडीच्या सकाळी, नऊच्या सुमाराला, कुणीतरी आकडे दाबले.

वर्षभर प्रतीक्षा यादीत अडकलेल्या ताईला अखेर जागा मिळाली होती! दुपारी बाराच्या आत मूळ गुणपत्रिका घेऊन कार्यालयात हजर राहायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. अर्ध्या तासाचा बसचा रस्ता. निघताना फाईल काढू, असं म्हणून बाबा निर्धास्त होते. त्यांनी आकडे दाबले. आम्ही चौघांनी जोर लावला. बाहेरचा पिवळा दिवा मिणमिणला, दाराचा खटका जागच्या जागी थरथरला आणि आम्ही कोसळलो.

"चुकीचे दाबले वाटतं," बाबा म्हणाले. पुन्हा दाबले. पुन्हा. प्रत्येक दाबाला 'टुक' असा आवाज व्हायचा आणि त्या 'टुक'साठी माझा एकेक थेंब जायचा. अहो, थांबा, थांबा! मी आतून ओरडत होतो. सेलाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

"बाबा, जादा चावी?" ताईने विचारलं.

बाबांनी तिजोरीकडे बोट दाखवलं. मग त्यांच्या काय ते लक्षात आलं आणि त्यांनी डोक्याला हात लावला. ताईची आई पहाटेच कामावर गेली होती, नाहीतर त्या क्षणी काय ऐकावं लागलं असतं ते विचारू नका. कुलूपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एक वाजता येतो, ड्रिल मारून उघडून देतो. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "एक वाजता येऊन काय उपयोग?" ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. बाबांनी दाराला चापट्या मारायला सुरुवात केली, अगदी जुन्या रिमोटला मारायचे तशा.

त्यांच्या बचतीतून ज्या मुलीचा फॉर्म भरला, तिचीच वाट त्यांच्या बचतीने अडवली होती. आणि ती अडवणारा मी होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत आजी आली. "आधी ते दाबणं बंद कर."

"आई, तू मधे बोलू नकोस. तुला ह्यातलं काय कळतंय?"

"मला सेलांतलं कळतं," आजी म्हणाली. "आत कोण आहेत? माझ्या रेडिओतले लाल ठिपकेच ना? ते दमलेत आणि गारठलेत. त्यांना तासभर हात लावायचा नाही. आणि माझी शेकायची पिशवी गरम पाण्याने भरून आण."

बाबा काही बोलणार होते. ताईने डोळे पुसले आणि ती उठली. "मी आणते, आजी."

आजीने कपाटापुढे खुर्ची मागवली आणि ती गरम पिशवी तिजोरीच्या दाराला, आमच्या कप्प्याच्या नेमकी समोर, दोन्ही हातांनी दाबून धरली. पाणी निवलं की ताई दुसरं आणायची. गुडघे दुखत असणारच, पण आजी हलली नाही. हळूहळू पोलादातून ऊब आत आली. ओळखीची! बाबा येरझारा घालत होते. त्यांचा हात दोनदा आकड्यांकडे गेला आणि दोन्ही वेळा आजीने तो झटकला. आत आम्ही चौघे पडून होतो, आणि अंगात कुठे कुठे उरलेला कण कण गोळा होत होता.

पावणेअकराला आजी म्हणाली, "आता. एकदाच. तूच दाब गं, तुझा हात हलका आहे."

ताईने एकेक आकडा दाबला. टुक. टुक. टुक. टुक. ओळीत जो सगळ्यात दुबळा असतो, त्याच्यावर बाकीच्यांचा सगळा रेटा उलटा येतो. तो दुबळा मी होतो. आतलं काहीतरी कायमचं तुटल्याचं मला जाणवलं, पण मी सोडलं नाही. खटका थरथरला, अडला, आणि सरकला.

दार उघडलं. अकरा महिन्यांनी मी उजेड पाहिला, आणि त्या उजेडात आजीचा चेहरा. ताई फाईल घेऊन चप्पल पायात अडकवता अडकवता परत फिरली, आजीला घट्ट मिठी मारली आणि धावत सुटली. बाबा तिच्या मागोमाग. साडेअकराला ती कार्यालयात होती.

संध्याकाळी बाबांनी आम्हाला चार्जरमध्ये ठेवलं. तिघांचे दिवे हिरवे झाले, माझा अजून लालच लुकलुकत होता. "हा गेला कामातून," म्हणत बाबांनी मला उचललं. तेव्हा आजी म्हणाली, "सगळं जमत नाही म्हणजे काहीच जमत नाही असं नसतं रे. त्याला हलकं काम दे." म्हणून मी आज तिच्या खोलीतल्या घड्याळात आहे. काटे फिरवायला फार बळ लागत नाही. तिजोरीत आता साधे सेल आहेत आणि जादा चावी बाहेर, कुठे ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, एक मागणं आहे. आमच्यामुळे पैसे वाचतात म्हणून आम्हाला घरी आणता, ते छानच. पण कुठे कुठे ठेवलंय त्याची आठवण ठेवा. आम्ही राबून मरत नाही हो, विसरून गेलात की मरतो. जो हाक मारू शकत नाही, त्याच्याकडे तुम्हीच जायचं असतं.

ताई शिकायला दूर गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने फ्रिजवरच्या यादीत तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'आजी. चार्जर हिच्या खोलीत लावणे. सेल भरेपर्यंत बाबांनी तिथेच बसणे. दर रविवारी.' ती फोनवर खोदून खोदून विचारते, म्हणून बाबांची सुटका नाही. पहिल्या रविवारी ते हातातल्या घड्याळाकडे बघत बसले. हल्ली आजी डेपोतल्या गोष्टी विचारते आणि बाबाच बोलत सुटतात. परवा तर दोघं मायलेक कशावरून तरी इतके हसले की चहा सांडला.

बाकीचे सेल दुपारपर्यंत भरतात. माझा दिवा मात्र हिरवा व्हायला संध्याकाळ होते. "हा फार वेळ घेतो बुवा," बाबा म्हणतात आणि बसून राहतात. मी जुना आहे, मला वेळ लागतो हे खरंच आहे. पण तुम्हाला म्हणून सांगतो, थोडा मी मुद्दामही लावतो.