पहिला पाव आणि लाल दिवा

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरका, लाजू नका. देवाचं नाव घ्या आणि कान इकडे द्या. आज एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट सांगतो. संत नव्हता हो तो, मुळीच नव्हता!

पूर्वी तो एका मोठ्या कंपनीचा ट्रक चालवायचा. एका संध्याकाळी पिऊन बसला आणि ट्रक सरळ गोदामाच्या भिंतीत घातला. चाकाखाली कुणी सापडलं नाही, ही देवाची कृपा. भिंतीला मात्र ड्रायव्हर सापडला. कोर्टाने शिक्षा केली. लायसन गेलं, नोकरी गेली आणि सगळ्यांत शेवटी मिजास गेली.

लायसन परत मिळालं ते एका अटीवर. गाडीत नळीचं यंत्र बसवायचं. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तर हिरवा दिवा, मगच इंजिन चालू. बायको त्या यंत्राला सासूबाई म्हणायची. "तोंडाचा वास घेतल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत!"

नोकरीवर कुणी ठेवेना, तेव्हा त्याने एक जुना ट्रक घेतला. मालक तोच, ड्रायव्हर तोच, चाकाखाली शिरून हात काळे करणाराही तोच. गल्ली त्याला शेठ म्हणू लागली. पण शेठच्या गाडीला माल कोण देणार?

शेवटी बेकरीवाल्या मावशीने बोलावलं. शाळांना पाव पोचवायचे होते. "काम देते," ती म्हणाली, "पण एकदा जरी पिऊन आलास, तर तू मला ओळखत नाहीस आणि मी तुला."

पहिल्या सकाळी शेठ इस्त्रीचा शर्ट घालून हजर! मेहुणा माल चढवायला सोबत. मावशीच्या बेकरीची एक रीत होती. माल नेणाऱ्याने पहिल्या घाण्यातला गरम पाव तिच्यासमोर खायचा. "चव माहीत नसेल तर तक्रारीला उत्तर काय देणार?" शेठने एक खाल्ला. मावशी बघतेय म्हणून दुसराही खाल्ला. तोंडातला घास गिळत गाडीत चढला आणि नळीत फुंकलं.

लाल दिवा. वर कर्कश शिट्टी.

भट्टीवरची माणसं बाहेर आली. मेहुणा कानाशी लागला, "भावजी, सरका. मी फुंकतो. हवा ती हवाच."

आता ऐका, माणसाची परीक्षा कुठे होते ते! शेठला घाम फुटला, पण तो म्हणाला, "गाडी तुझ्या फुंकरीने चालेल रे. मी कशाने चालू?"

तो खाली उतरला. मावशी पिठाचे हात कमरेवर ठेवून उभी. "सकाळी सकाळीच?"

"मावशी, मी घेतलेली नाही. पण यंत्र नाही म्हणतंय. तुम्ही दुसरी गाडी बोलवा, पोरं उपाशी राहायला नकोत. मी इथेच बसतो, तोंड धुतो, परत फुंकतो. तेव्हाही लाल आला, तर तुमच्या दारात दिसणार नाही."

"तोंड का धुतोस? तोंडात माझा पाव आहे!"

"मला दुसरं काही सुचत नाहीये, मावशी."

मावशीने टोपलीतून एक पाव उचलला, उभ्या उभ्या खाल्ला, पदर खोचला आणि ट्रकमध्ये चढली. "मावशी, तुमच्या फुंकरीवर मी किल्ली फिरवणार नाही हां," शेठ ओरडला. तिने गाल फुगवून नळीत फुंकलं.

लाल दिवा!

जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई ती. "अगं बाई, मला चढली की काय!" भट्टीवाले पोट धरून हसले. ताज्या पावातलं खमीर यंत्राला दारूच वाटत होतं, दुसरं काय!

दोघांनी नळावर शेजारी शेजारी उभं राहून खळखळून चुळा भरल्या. थोडा वेळ पायरीवर बसून राहिले, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मग शेठने फुंकलं. हिरवा.

मावशीने दुसरी गाडी बोलावलीच नव्हती. तिने शाळेला फोन लावला. "पावाला उशीर होतोय. चूक माझी आहे. ड्रायव्हर चांगला आहे, त्याला बोलू नका." फोन ठेवून तिने शेठचा पुढचा पाव कागदात गुंडाळला. "पोचवल्यावर खा."

शेठचा ट्रक अजून धावतोय, त्याची काळजी नको. माझं मागणं एवढंच. रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मावशीची आठवण ठेवा. बदनाम माणसाचा उशीर तिने आपल्या नावावर घेतला.