खडूची खूण

"रोज एक फोडायचा. फोडल्याशिवाय सही करायची नाही." पहिल्याच दिवशी फोरमनकाकांनी एवढंच सांगितलं आणि माझ्या हातात खडू ठेवला.

आमच्या कारखान्यात कुकर बनतात. रोजच्या तयार मालातला कुठलाही एक मी उचलते, पाण्यानं काठोकाठ भरते, झाकण आवळते आणि तो फाटेपर्यंत पंपानं दाब चढवत जाते. ठरलेल्या आकड्याच्या बराच पुढे जाऊन फाटला, की बाकीचे सगळे चांगले; तपासणीच्या तक्त्यात तो आकडा लिहून मी सही करते. मग फाटलेल्यावर खडूनं तारीख, बरोबरची खूण, आणि तो मागच्या दारी भंगारात. सकाळच्या जपासारखंच हेही. एकवीस वर्षांत चुकलं नाही.

त्या मंगळवारी चहाच्या वेळी पॅकिंगमधल्या ताईनं मोबाइल पुढे केला. "बघ गं, हे अक्षर तुझंच ना?"

आमच्या भंगारातला कुकर होता तो. खाली बातमी : स्वयंपाकघरात स्फोट, तपासून पास केलेला कुकर फुटला. माझ्या खुणेभोवती लाल वर्तुळ. कुठलं स्वयंपाकघर, कुणाचं, काही नाही.

"अगं, फुटला म्हणून तर पास झाला."

"हे मला काय सांगतेस? जगाला सांग."

मी वर साहेबांकडे गेले. त्यांच्या समोरच्या पडद्यावर कंपनीच्या शेअरचा भाव मिनिटामिनिटाला उतरत होता.

"साहेब, अक्षर माझं आहे. मी सांगते ना त्यांना."

"बाई, तुम्ही खाली जा. खुलासा वकील लिहिताहेत. तुम्ही बोललात तर आणखी पडेल."

जिन्यातच मी फोरमनकाकांना फोन लावला. निवृत्त होताना त्यांनी सगळी पुंजी या शेअरमध्ये घातली होती. राहत्या दोन खोल्या घरमालक विकायला निघाला होता, आणि त्या शेअरांवरच काका त्या घेणार होते.

"काका, विकू नका. तो माझा कालचा कुकर आहे."

"फोटो बघताच ओळखला मी. फाट बघ ना किती सरळ गेलीये. पाण्याच्या दाबाचीच ती. पण मला माहीत असून काय होतंय? मी काय बाजार आहे? शेअरांचं सगळं आमचे चिरंजीव बघतात, ते घाबरले. मघाशीच विकून मोकळे झाले."

"आणि खोल्या?"

"गेल्या. तुझी काकू म्हणते, घर हलवताना भांडी गुंडाळायला तरी या बातमीचा पेपर उपयोगी पडेल." हसले, पण ते हसणं पुरतं बाहेर आलं नाही. "ते राहू दे. उद्याही फोडशील ना?"

"फोडीन, काका."

"शब्द?"

"शब्द."

खुलासा बाजार बंद झाल्यावर आला. चार ओळी, पार तळाशी. दुसऱ्या दिवशी पडलेल्यातला निम्मा भाव भरून निघाला, ज्यांच्याकडे शेअर उरले होते त्यांचा.

त्याच सकाळी साहेब स्वतः खाली आले. झोप नसलेले डोळे. "बाई, फोडणं सध्या बंद. परत फोटो नकोत. तक्त्यात मागच्या महिन्याचे आकडे भरा आणि सही करा. थोडे दिवसच."

"सही संध्याकाळी करते," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

मी ओळीतला सातवा कुकर उचलून नळाखाली ठेवला. पाणी काठाला येईपर्यंत खिशात खडू आहे ना ते चाचपलं, आणि झाकण आवळायला पाना हातात घेतला.