चावलेल्या नानची भिंत

लग्न ठरलेल्या मुलीला कॉलेजातून 'चार दिवसांसाठी' घरी न्यायचं, ही आमच्या कोकंदकडची जुनी रीत आहे. ते चार दिवस कधीच संपत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त तसं कोणी बोलून दाखवत नाही. मुलीच्या हातात कापडाची पिशवी असते, बापाच्या चेहऱ्यावर घाई असते आणि आई शिक्षिकेला सांगत असते, "येईल हो ती परत, जाते कुठे!"

होसियतच्या घरीही गेल्या हिवाळ्यात हेच घडलं. विहीणबाई, त्यांचं नाव रिसोलात, गाद्यांवर ऐसपैस बसून हिरवा चहा पीत होत्या. दोन्ही घरांनी मिळून नान मोडला होता, म्हणजे साखरपुडा झाला होता. आता मुलगा पुन्हा रशियात कामाला जायच्या आत लग्न उरकायचं होतं.

"माझ्या मोहिगुलची परीक्षा राहिलीय हो," होसियत हळूच म्हणाली. "वसंत सुरू होईपर्यंत थांबलो असतो तर..."

"परीक्षा देऊन काय करायचंय?" विहीणबाईंनी पेला खाली ठेवला. "आमच्या अंगणाला झाडू लागतो, पदवी लागत नाही! जा, घेऊन या पोरीला."

होसियतनं सुईत नवा दोरा ओवला. तिच्या मांडीवर कोणा तिसऱ्याचीच रजई होती. आयुष्यभर तिनं लोकांच्या रजयाच शिवल्या. नवरा रशियात गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून या सुईवरच तिनं घर चालवलं. तिची टीप दोरी ताणावी तशी सरळ यायची, पण तिला बेतता येत नव्हतं. अंगाचं माप घेऊन कापडावर कात्री चालवायची म्हटलं की तिचा हात लटपटायचा. मोहल्ल्यात बेतणाऱ्या बाईला चारपट मजुरी मिळते, आणि तिनं बेतलेलं शिवून देणारीला उरलंसुरलं. होसियतच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच यायचं.

मोहिगुल शिकत होती त्याच मुलींच्या कॉलेजात एके काळी ती स्वतःही होती. बेतायचे धडे सुरू होणार त्या आधीच तिचे वडील तिला न्यायला आले होते. चार दिवसांसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॉलेजात पोचली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फाटकावरची पाटी दिसेना. वीजही गेलेली. विद्यार्थिनी मदत कक्षाच्या सानोबर ओपा, म्हणजे सानोबरताई, दारातच भेटल्या. शालीत गुरफटलेल्या, जाड चष्म्याच्या. कोणाची फी माफ करून घ्यायची, कोणाला समजवायचं, कोणाला शिवणाच्या, संगणकाच्या वर्गात बसवायचं, ही सगळी उस्तवार त्यांच्याकडे असते. मुली त्यांना पाठीमागे 'घंटा' म्हणतात, कारण त्या एकदा वाजायला लागल्या की थांबत नाहीत.

"चार दिवसांसाठी ना?" होसियतनं तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं.

"हो ओपा. चारच दिवस."

"मी लग्नाच्या आड येत नाही बाई. माझंही लग्न झालंय, माझ्या हातच्या पुलावानं नवऱ्याचं पोट कुठवर आलंय ते बघ हवं तर. पण पोरीचा कोट अर्धा झालाय. बेतण्यापासून बटणापर्यंत एकटीनं शिवलेला कोट परीक्षेत ठेवला की दाखला मिळतो, आणि दाखला असला की शिवणगृहात बेतायला घेतात. अर्ध्या कोटाला कोणी काही देत नाही."

"सासरकडचे थांबत नाहीत."

"मग लग्नानंतर पाठवा. संध्याकाळचा वर्ग आहे. लेकरं असली तर त्यांना सांभाळायला खोली आहे. फी माफ करून घेऊ. अजून काय करू, पालखी धाडू?"

"सासरी गेल्यावर कोण पाठवतं, ओपा?"

"तू विचारलं होतंस का कोणाला?"

होसियतनं मान खाली घातली. "तेव्हा तुम्ही नव्हता."

"म्हणून तर आता आहे," ओपा म्हणाल्या. "बस शिवणवर्गात. पोरीला बोलावते."

शिवणवर्ग रिकामा होता. वीज नाही म्हणून मुली वसतिगृहात शेकोटीपाशी गेल्या होत्या. यंत्रांवर पांढरी कापडं टाकलेली, आणि त्या अंधुक उजेडात ती गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या बायकांसारखी दिसत होती. होसियत खुर्चीच्या कडेवर टेकली. तेव्हा तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

भिंतभर नान टांगलेले होते.

आपल्याकडे दूर जाणारा माणूस नानचा एक घास चावतो आणि उरलेला नान घरची माणसं भिंतीला टांगून ठेवतात. परत आल्यावर तो त्यानंच खायचा, दुसऱ्या कोणी तोंड लावायचं नाही. अन्न वाट बघतं, त्याला परत यावंच लागतं, असं आपण मानतो. फौजेत जाणाऱ्या पोरासाठी प्रत्येक घर हे करतं. पण इथे घरी जाणाऱ्या मुलींनी एकमेकींसाठी ते सुरू केलं होतं. ज्या परत आल्या त्यांनी आपले नान खाल्ले. ज्या आल्या नाहीत त्यांचे इथे होते. काही पिवळट, काही विटेच्या रंगाचे, काही इतके जुने की दगडच. प्रत्येकाला एकच घास. कॉलेजात उंदरांचा सुकाळ आहे, धान्याच्या पोत्याला भोकं पाडतात मेले, पण या भिंतीला आजवर एक दात लागलेला नाही. का, ते कोणी सांगत नाही.

होसियतनं डोळे दुसरीकडे वळवले. आणि तिला आवाज आला.

टक. टक. टक. टक.

शिवणयंत्राचा आवाज. वीज नव्हती! तिनं एकेक यंत्र बघितलं. खिडकीपाशी एक जुनं पायाचं यंत्र होतं, त्यावरचं कापड खाली घसरलं होतं, आणि त्याचं चाक सावकाश फिरत होतं. खाली पाय नव्हता. सुईखाली कापड नव्हतं. सुई नुसती वर जायची, खाली यायची. सरळ टीप. कुठे वळण नाही, कुठे गाठ नाही, कुठे शेवट नाही.

कॉलेजात असताना होसियत त्याच यंत्रावर बसायची.

"कोण आहे?" ती ओरडली. आवाज तिचाच तिला परका वाटला.

उत्तर आलं नाही. पण भिंतीवरचे नान हलले. तुम्ही म्हणाल वारा. दारं खिडक्या बंद, फटींना चिंध्या कोंबलेल्या. वारा काय भिंतीतून आला? आपापल्या दोऱ्यावर ते हळूहळू फिरले, एकेक करत, गर्दीनं मान वळवून बघावं तसे. मग थांबले. सगळ्यांचे घास तिच्याकडे होते, उघड्या तोंडांसारखे.

अगदी वरच्या ओळीत कोपऱ्यात एक नान होता, सगळ्यांत काळपट. त्याच्या घासात मधोमध एक बारीक कणा उभा राहिला होता. समोरचा दात नसलेल्या माणसानं चावला की राहतो तसा.

होसियतची जीभ आपोआप पुढच्या दातांमधल्या खिंडीत गेली. लहानपणी तुतीच्या झाडावरून पडली, तेव्हापासूनची खिंड. मैत्रिणींनी घाईघाईनं हातात नान दिला होता, बाप फाटकात हाका मारत होता, आणि ती रडत रडत म्हणाली होती, "टाकू नका ग, मी येते." ती विसरली होती. नान विसरला नव्हता.

"ओयी."

दारात मोहिगुल उभी होती. हातात कापडाची पिशवी, अंगावर शाल. आईला हाक मारली खरी, पण बघत होती त्या कोपऱ्यातल्या नानकडे.

"तुला... तुला माहीत होतं?" होसियतला धड बोलता येईना.

"पहिल्याच दिवशी ओळखला. तू रोज सकाळी चहाबरोबर खातेस ना, तुझ्या तुकड्यात असाच कणा राहतो." मोहिगुलचा आवाज शांत होता, इतका शांत की आईला भीती वाटली. "मी त्याच्याच खाली बसते रोज. यंत्र आपलं आपण चालतं तेव्हा मुली पळतात. मी नाही पळत. मला वाटतं तूच आहेस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू विषयच काढू देत नव्हतीस."

मागून नाफोसात आली, मोहिगुलची खोलीतली मैत्रीण. तिच्या हातात वसतिगृहाच्या तंदूरमधला गरम नान होता आणि डोळे लाल होते. "घे," ती पुटपुटली. "मी जागा ठेवलीय. खालच्या ओळीत. माझ्या हाताला येईल अशी."

भिंतीवर एक नवा खिळा होता.

मोहिगुलनं पिशवी खाली ठेवली. नान दोन्ही हातांत धरला. यंत्राचा आवाज एकदम वाढला, टकटकटकटक, सुई दिसेनाशी झाली. वरचे नान पुन्हा वळले. या वेळी सगळे मोहिगुलकडे! होसियतला स्पष्ट दिसलं की ते रागानं बघत नव्हते. ते सरकून जागा करून देत होते.

मुलीनं नान ओठांशी नेला.

"चावू नकोस!"

होसियतनं झडप घालून तो तिच्या हातातून ओढला. इतक्या जोरात की त्याचे दोन तुकडे झाले. "खबरदार तोंड लावलंस तर! हा जाणाऱ्यांचा घास आहे. तू कुठे जाणार आहेस? कुठेही नाही! कोट कोण पुरा करणार, तुझी सासू?"

यंत्र थांबलं. वर्गात इतकी शांतता झाली की बाहेर धुक्यात कावळा ओरडला तो ऐकू आला.

दारात सानोबर ओपा उभ्या होत्या. एकदाच काय ती घंटा वाजली नव्हती.

"ओपा," होसियतनं दम घेतला, "तो वरचा माझा आहे. खाल्ला तर चालेल?"

"परत आली असशील तरच," ओपा म्हणाल्या. "नुसती पाहुणी म्हणून आली असशील तर हात लावू नकोस. ते बरं नसतं."

"बेतायचे धडे राहिलेत माझे. संध्याकाळच्या वर्गात या वयाच्या बाईला घेता?"

"तुझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत. एक तर आजी आहे, कात्री नातवासारखी कडेवर घेऊन हिंडते. अग होसियत, मुली लग्न करतात म्हणून मी कधी रडले नाही. आपण त्यांना अर्ध्यात उचलून नेतो आणि त्याला रीत म्हणतो, याचं रडू येतं. पोरीला घर दे, नवरा दे, सगळं दे. पण तिच्या हातातलं काम तरी तिला पुरं करू दे. हातात कसब असलं की घर मोडलं तरी बाई मोडत नाही. नसलं तर काय होतं, ते तू मला सांगायचंस."

होसियतनं खुर्ची भिंतीपाशी ओढली.

खुर्चीवर चढून तिनं तो नान काढला. चहात बुडवायला नाफोसातनं पेला आणला. काळ्या दगडासारखा तो नान, पण तिनं मोडला तेव्हा आतून कोमट होता. तिनं उभ्याउभ्या तो सगळा खाल्ला, कणदेखील खाली पडू दिला नाही, आणि खाताना ती ढसाढसा रडली. मोहिगुल तिचा पदर धरून उभी होती, लहानपणी बाजारात धरायची तशी.

संध्याकाळी विहीणबाईंना फोन गेला.

"लग्न शरदात करू," होसियत म्हणाली. "मुलगा रशियाहून येईल तेव्हा."

"नान मोडलाय आपण! लोक काय म्हणतील?"

"मोडलेला नान आपण दोघींनी खाल्ला, तो पचला. आता माझी मुलगी तिचं काम पुरं करेल. आणि लोक काही म्हणालेच तर पाठवून द्या इकडे. मापं घेऊ त्यांची."

विहीणबाईंनी फोन आपटला. बरेच दिवस अबोला होता, आणि सोयरीक मोडते की काय या काळजीनं होसियतची झोप उडाली. पण तिनं शब्द फिरवला नाही. शेवटी मुलानंच रशियातून आईला कळवलं की तो थांबेल. वसंतात मोहिगुलचा कोट परीक्षेत ठेवला गेला, तिला दाखला मिळाला आणि शिवणगृहात बेतायचं काम लागलं. शरदात लग्न झालं. आता रिसोलात बाई मोहल्ल्यात सांगत फिरतात, "आमची सून बेतते हं, नुसती शिवत नाही!" जसं काही त्यांनीच शिकवलं.

होसियत संध्याकाळच्या वर्गाला जाते. पहिल्या दिवशी कापडावर कात्री ठेवली तेव्हा हात लटपटला. आता लटपटत नाही. खिडकीजवळचं यंत्र ती असली की आपलं आपण चालत नाही. ती नसली की मात्र अजूनही चालतं, कारण भिंतीवर अजून पुष्कळ नान आहेत.

मंडळी, मुलीचं शिक्षण आणि तिच्या हातचं कसब ही लग्नाआधीची वेळ घालवायची खेळणी नाहीत. ती अर्ध्यात थांबवायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही, रीतीनंही नाही. आणि ज्यांचं आपण थांबवलं, त्यांच्यासाठी दार अजून उघडं आहे.

उद्या सकाळी तुमच्या घरातली बायको, वहिनी, आई चहाबरोबर नान खाईल, तेव्हा तिच्या हातातल्या तुकड्याकडे नीट बघा. घास कसा पडलाय ते लक्षात ठेवा. मग कधी तरी कॉलेजात येऊन त्या भिंतीसमोर उभे राहा. फार शोधावं लागणार नाही. तिचा असेल तो नान स्वतःच तुमच्याकडे वळेल.