आंबेतळ्याची रेघ

कौतिकनाना पाटलांनी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत रेघा मारल्या. आधी धुळ्याला, मग जळगावला, विहिरींच्या पाण्याची पाहणी करणाऱ्या एका ऑफिसात. हुद्दा अनुरेखक. कुठल्या गावात पाणी किती खोल गेलं, त्याचे आलेख काढायचे. नाना शून्य नेहमी माथ्यावर घालत. शून्य म्हणजे जमीन, आणि पाणी जमिनीखाली, तेव्हा आकडे वरून खाली वाढत जाणार. पाणी खोल गेलं की रेघ उतरायची. यात शिकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कोणी कधी कोणाला शिकवलंही नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला गार खोली मिळाली, पडदे मिळाले, आणि त्याच्या दारात नानांना चपला काढाव्या लागल्या. नानांच्या डोक्यावरचा पंखा दोन वर्षं बंद होता, त्याबद्दल साहेबांनी कधी अवाक्षर काढलं नाही. कॉम्प्युटर चालवायला कुंदाबाई भुसावळहून पॅसेंजरने येत. वयाने नानांच्या मुलीएवढ्या, पण साहेब त्यांना मॅडम म्हणत.

मार्चच्या टँकर-मीटिंगला अठरा गावांचे आलेख जायचे होते. सतरा नानांच्या हातचे. अठरावा, रावेर तालुक्यातल्या आंबेतळ्याचा, साहेबांनी नमुना म्हणून कॉम्प्युटरवर काढून घेतला. तिथलं पाणी दहा वर्षांपूर्वी आठ मीटरवर होतं, आता तेवीसवर. आकडे बरोबर होते. उभ्या बाजूला 'जमिनीखालील खोली, मीटर' असं ठसठशीत लिहिलेलंही होतं. फक्त कॉम्प्युटरने शून्य तळाशी घातलं होतं, आणि रेघ ऐटीत वर चढली होती.

नानांना ते एका नजरेत दिसलं. 'हाई ते उलटं शे,' हे ओठांपर्यंत आलंही. पण साहेब "वा, काय स्वच्छ काम!" म्हणून मान डोलवत होते, आणि नानांनी तोंड मिटून घेतलं. जाऊ दे तसंच. पडू दे त्याला तोंडावर. मग येतील सगळे आपल्या टेबलाशी. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात इतका हलका विचार यावा, याची नानांना पुढे फार लाज वाटली. तेव्हा मात्र बरं वाटलं होतं.

मीटिंगमध्ये कोणी तोंडावर पडलं नाही. वरच्या साहेबांकडे दहा मिनिटं होती. त्यांनी अक्षरं वाचली नाहीत, रेघा बघितल्या. सतरा उतरत्या आणि एक चढती. "इथं तर पाणी वाढतंय," म्हणत त्यांनी टँकरच्या यादीतून आंबेतळं खोडलं. कॉम्प्युटरचा आलेख त्यांना इतका आवडला, की पुढच्या महिन्यात अठराही तसेच हवेत असा हुकूम झाला. नाना तेव्हाही गप्प राहिले. आता बोललं तर आधी का नाही बोललात, असं विचारतील.

एप्रिलात एका दुपारी धुरपदाबाई ऑफिसात आली. आंबेतळ्यात ज्या विहिरीचं पाणी मोजत, ती तिची. एकोणीस वर्षं नाना वर्षातून चारदा तिथं जाऊन टेप सोडत आले होते, आणि दर वेळी ती कप भरून बशीत सांडेपर्यंत चहा ओतायची.

"कौतिकभाऊ," ती बाकावर टेकत म्हणाली, "दरसाल मी दोराले तीन हात जोडते. गाठी मोजी घे तू. अन् तुमच्या कागदावर पानी वर चढलं म्हने?"

नानांनी माठातलं पाणी आणून दिलं. तिने अर्धा गिलास पिऊन उरलेलं आपल्या बाटलीत ओतलं आणि बूच घट्ट लावलं. "नातीले व्हईन," म्हणाली. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर ते चपला काढून गार खोलीत गेले. "बाई, आंबेतळ्याचं उलटं आहे. शून्य वर पाहिजे."

कुंदाबाईंनी आलेख हातात घेतला, आणि समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई! मग हे कोणाच्याच लक्षात कसं नाही आलं, नाना?"

नानांनी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरचं पुस्तक मागितलं.

तीन दिवस दोघं त्या शून्यामागे लागले. पुस्तक झेरॉक्स, त्यात निम्मी पानं काळी. अक्षरं लहान होत, मोठी होत, आडवी होत, उभी होत. शून्य काही जागचं हलेना. नानांनी कागदच उलटा धरून बघितला, तर रेघ तशीही चढतीच. वैताग आला. नानांना वाटलं, सोडून द्यावं, दीड वर्षाने पेन्शन आहे. मग ती बाटली आठवली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सगळ्या आकड्यांच्या मागे उणे लावून बघा."

रेघ निमूट खाली उतरली. शून्य माथ्यावर, खाली उणे पाच, उणे दहा, थेट उणे पंचवीसपर्यंत.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "उणे पाणी म्हणजे काय हो, नाना? हे घेऊन वर गेलो तर माझी बदलीच होईल. ती चिन्हं काढा. कशी, ते मला सांगू नका."

आलेख ट्रेसिंग पेपरवर छापले होते, आणि खरवडणं नानांच्या हातचं काम. एका आलेखात पाच उणे, अठरा आलेखांत नव्वद. अर्धं ब्लेड चिमटीत धरून ते एकेक खरवडत बसले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, बंद पंख्याखाली घाम, आणि कागदावर घाम पडू द्यायचा नाही. मान जड झाली. शेवटी प्रत्येक शून्याशेजारी त्यांनी आपल्या हाताने एक शब्द लिहिला: जमीन.

मीटिंगमध्ये वरच्या साहेबांचं बोट आंबेतळ्याच्या रेघेवरून घसरत खाली गेलं. "अरे, मागच्या वेळी तर चढलं होतं ना?"

"यंत्र नवीन होतं, सर," साहेब म्हणाले. सगळे हसले. नानाही हसले. टँकर मंजूर झाला.

मे महिन्याच्या मोजणीला नाना आंबेतळ्याला गेले. चोहीकडे नव्या बोअरवर पोसलेली केळी डुलत होती, आणि धुरपदाबाईच्या विहिरीत टेप सोडता सोडता संपत आली. चोवीस मीटर साठ. दोराला नवी गाठ दिसत होती.

"कागदावर पानी खाले गेलं ना भाऊ?" तिने आनंदाने विचारलं. "बरं केलं तू. टँकर येतो आता."

पाणी खाली गेल्याचा आनंद तिला जन्मात पहिल्यांदा झाला असेल. नानांना तो सोसवेना. त्यांनी टेप गुंडाळली आणि एका दमात सांगून टाकलं. "अक्का, पहिला कागद उलटा होता, तो मला तेव्हाच दिसला होता. मी मुद्दाम बोललो नाही. यंत्राची फजिती व्हावी म्हणून."

"तुले दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं."

तिने दोराची नवी गाठ ओढून घट्ट केली. "सव्वीस दिस उशिरा आला टँकर," म्हणाली, आणि आत निघून गेली.

आता चहा येणार नाही, असं समजून नानांनी पिशवी उचलली. पण ती आली. कप अर्धा होता, बशी कोरडी. टँकरचं पाणी मोजून वापरावं लागतं म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, हे विचारायची नानांची हिंमत झाली नाही. त्यांनी उभ्यानेच चहा प्याला आणि कप विसळण्यात पाणी न घालवता तसाच तिच्या हातात दिला.